शाळेतली की घरातली

गुरुदत्त कुडतरकरांनी आयुष्यात विमा काढला तो एकदाच, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, मेहुण्याने जेवायला बसल्या बसल्या फॉर्म पुढे सरकवला म्हणून. पुढे त्याचे पैसे आले, त्यातून फ्रिज आला आणि विमा या विषयाशी त्यांचा संबंध संपला. त्यामुळे क्रेडिट कार्डाच्या बिलावर दर महिन्याला तीनशे त्रेपन्न रुपये विम्याचे म्हणून कापले जाताहेत, हे मेघनाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, जूनमध्ये त्यांच्यापुढे बिल धरून दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, "मी नाही काढला."

कार्डाचीसुद्धा त्यांना हौस नव्हती. फंडाचे पैसे ज्या बँकेत ठेवले होते तिथल्या बाईंनी ते फुकट आहे म्हणून त्यांच्या गळ्यात मारलं होतं. तीन वर्षं ते कपाटात पडून होतं. वापरलं एकदाच, या जानेवारीत, सरोजला दवाखान्यात ठेवलं तेव्हा. काउंटरवरच्या माणसाने आधी डिपॉझिट भरा म्हटलं आणि कुडतरकरांनी पाकिटातून कार्ड काढून दिलं. बँकेला आपली आठवण यायला एवढं पुरेसं असतं. ज्या कार्डाकडे तीन वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या कार्डाच्या मालकाला मग फोन यायला लागले. कर्ज हवं का, हप्ते करून हवेत का, कार्ड आणि कार्डवाला दोघांना सुरक्षित करून हवं का.

अठरा फेब्रुवारीला सरोज गेली. एक्केचाळीस वर्षांचा संसार होता. कुडतरकर रडले नाहीत, आणि याची नोंद नातेवाइकांनी व्यवस्थित घेतली. कोणी म्हणालं, मोठा धीराचा माणूस. कोणी तोंड वळवून म्हणालं, एसटीत नोकरी करून दगड झालाय. खरं म्हणजे यातलं काहीच नव्हतं. त्यांना काही वाटतच नव्हतं. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर मुंग्या आलेला पाय जसा आपला वाटत नाही, तसे ते सबंध स्वतःलाच आपले वाटत नव्हते. सकाळी दूध घ्यायचे, पेपर वाचायचे, दुपारी वरणभात लावायचे आणि संध्याकाळी कोपरच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारून यायचे. कोणी कसं चाललंय विचारलं की ठीक म्हणायचे, आणि तेही खोटं नव्हतं.

मेघना कळव्याला राहायची, तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायची. सिस्टम डाउन आहे असं लोकांना दिवसभर सांगणं हेच तिचं काम असल्यामुळे दुसऱ्याने तिला तसं सांगितलं तर ते तिला चालत नसे. तिने बँकेच्या कस्टमर केअरला पाच फोन केले. हे दाबा, ते दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग सतारीची धून, मग फोन बंद. पाचव्या फोनला एका माणसाने शांतपणे सांगितलं की चार मार्चला कस्टमरने स्वतः फोनवर होकार दिलेला आहे, नॉमिनीसकट सगळी माहिती दिलेली आहे आणि ते रेकॉर्ड झालेलं आहे.

मेघनाने हे वडिलांना सांगितलं. कुडतरकर पुन्हा तेच म्हणाले, की मी असं काही बोललेलो नाही.

आता हा माणूस कोण, ते सांगायला हवं. कुडतरकर चौतीस वर्षं एसटीत होते, त्यातली शेवटची एकोणीस खोपटच्या डेपोत कंट्रोलर म्हणून. त्यांनी माइकवरून गाडी तीन नंबरला लागेल म्हटलं की ती तीन नंबरलाच लागायची. त्यांच्या शब्दावर म्हाताऱ्या बाया गाठोडी उचलून फलाट बदलायच्या. बोललेलं विसरणं ही चैन त्यांना कधी परवडली नव्हती. त्यामुळे मी बोललो नाही असं ते म्हणाले, म्हणजे बोलले नाहीत, असं मेघनाने एरवी धरून चालायला हवं होतं.

पण मेघना ते धरून चालेना. तिची बाजूही चुकीची नव्हती. एप्रिलमध्ये तिने सकाळी अचानक येऊन पाहिलं तर गॅसवर रिकामं पातेलं लाल झालेलं आणि कुडतरकर शेजारीच उभे. मे महिन्यात दाराची किल्ली रात्रभर बाहेरून कुलपात तशीच. दोन गोष्टींनी माणूस खुळा ठरत नाही, हे तिलाही कळत होतं, पण तिसरी झाली तर काय, या धास्तीने तिला कामावर चित्त लागत नव्हतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने, मितेशने, आपसांत ठरवून टाकलं होतं: बाबांना कळव्याला आणायचं आणि कोपरची जागा भाड्याने द्यायची.

कुडतरकरांना ते नको होतं. का नको, हे त्यांना नीट सांगता यायचं नाही. त्या घरात त्यांना सुख होत होतं असंही नाही. पण निम्म्या वस्तू कुठे ठेवल्यात हे फक्त सरोजला माहीत होतं, आणि त्या अजून तिथेच होत्या. सुईदोरा, आकाशकंदिलाची वायर, मेघनाची शाळेची प्रगतिपुस्तकं. घर रिकामं करायचं म्हणजे हे सगळं हुडकून काढायचं, आणि एकदा हुडकून काढलं की मग सरोजने ठेवलेलं असं काही उरणार नव्हतं.

शेवटी ऑगस्टमध्ये बँकेने कळवलं की रेकॉर्डिंग मेलवर पाठवता येणार नाही, ठाण्याच्या कार्ड ऑफिसात येऊन ऐकावं. मेघना फोनवर म्हणाली, "बाबा, त्यात तुमचा आवाज नसेल तर मी यांना कन्झ्युमर कोर्टात खेचते, आणि कळव्याचा विषय पुन्हा काढत नाही. पण असला तर तुम्ही माझ्याकडे यायचं. चालेल?"

कुडतरकर म्हणाले, चालेल. त्यांना खात्री होती. तीनशे त्रेपन्न रुपयांचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. डोकं आपलं आहे की नाही, एवढंच त्यांना त्या ऑफिसातून लिहून हवं होतं.

ऑफिस निघालं खोपटला, डेपोपासून दोन मिनिटांवर. कुडतरकर चाळीस मिनिटं आधी पोचले. डेपोच्या फाटकाशी उभे राहून त्यांनी दोन गाड्या लागताना पाहिल्या. माइकवर कोणी बाई बोलत होती, गाडीचा नंबर दोनदा सांगत होती, ते बरोबर होतं. ओळखीचं कोणी दिसलं नाही. त्यांच्या एका हातात सरोजची निळी प्लास्टिकची फाइल होती, सरकारी किंवा बँकेचं काम असलं की ती बरोबर घ्यायची हा घरचा रिवाज होता. दुसऱ्या हातात लहान बॅग होती. तिच्यात दोन शर्ट, लुंगी आणि बीपीच्या गोळ्या. खात्री असली तरी एक गाडी जादा उभी ठेवायची, ही डेपोची शिकवण.

मेघना आली, तिने बॅग पाहिली आणि पुढे होऊन ऑफिसचं दार ढकललं.

आत विनिता म्हणून एक तिशीतली अधिकारी होती. तिने दोघांना पाणी दिलं, आधार कार्ड पाहिलं, आणि फार गोड न बोलता कामाला लागली. सर, कॉल सहा मिनिटांचा आहे, मध्ये थांबवायचा असेल तर सांगा, म्हणाली आणि तिने स्पीकर त्यांच्याकडे वळवला.

आधी एका मुलीचा आवाज आला. गुरुदत्त सरांशीच बोलतेय ना? त्यावर "बोलतोय" असं जे ऐकू आलं तो आवाज कुडतरकरांचा होता. त्याबद्दल शंकेला जागाच नव्हती. एकोणीस वर्षं स्वतःचाच आवाज कर्ण्यातून ऐकलेल्या माणसाला तो ओळखायला किती वेळ लागणार. मेघनाने मान खाली घातली. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता, उलट तिला मनातून फार वाईट वाटत होतं.

मुलगी भराभर बोलत होती. कार्ड हरवलं तर, फसवणूक झाली तर, कार्डधारकाचं काही बरंवाईट झालं तर. कुडतरकर मध्येमध्ये बरं म्हणत होते. नाव सांगा म्हटलं की नाव सांगत होते, पत्ता विचारला की पिनकोडसकट. आवाजात कंटाळा नव्हता, घाई नव्हती, काहीच नव्हतं. त्या मुलीने त्या वेळी त्यांना गाडी विकली असती तरी त्यांनी बरं म्हटलं असतं. खुर्चीत बसलेले कुडतरकर हे सगळं लांबच्या नात्यातल्या माणसाचं ऐकावं तसं ऐकत होते.

"तर सर, तुमचा होकार आहे ना? हो म्हणा प्लीज, रेकॉर्डसाठी."

"हो."

विनिताने हात स्पीकरकडे नेला. तिच्या मते काम झालं होतं. कुडतरकर म्हणाले, "राहू दे. पुढचं ऐकू."

"नॉमिनी कोण ठेवायचं, सर?"

"मिसेस. सरोज गुरुदत्त कुडतरकर."

मेघनाने झटकन वडिलांकडे पाहिलं. चार मार्च. दोन मार्चला तेरावं झालं होतं.

"मॅडमची जन्मतारीख सांगाल?"

इथे सरोजच्या जन्मतारखेविषयी सांगायला हवं, कारण ती गोष्ट सरळ नव्हती. सरोजला दोन तारखा होत्या. एक शाळेतली, एक जून. गावातल्या गुरुजींनी नाव घालताना अर्ध्या वर्गाला जी लावली तीच. दुसरी घरातली, सत्तावीस जुलै, तिच्या वडिलांनी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेली. काही कागदांवर ही होती, काहींवर ती. कुठला कागद कुठल्या तारखेचा, हे सरोजला पाठ होतं आणि कुडतरकरांना ते एक्केचाळीस वर्षांत पाठ झालं नव्हतं, कारण पाठ करायची कधी गरजच पडली नव्हती. फॉर्म आला की ते हॉलमध्ये पेन उघडून बसायचे आणि ओरडून विचारायचे. आतून, पोळी न थांबवता, उत्तर यायचं. मेघनाच्या जन्माच्या आधीपासून हे चालू होतं.

"एक मिनिट हं," स्पीकरमधले कुडतरकर म्हणाले. "तिला विचारून सांगतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सपाता चार-पाच वेळा वाजल्या. पलीकडे ती मुलगी कोणाशी तरी हळूच हसली. विनिताने नॉमिनीचं नाव असलेला कागद पाहिला, मग कुडतरकरांच्या गुडघ्यावरची फाइल पाहिली. तिला अजून काही माहीत नव्हतं, पण समोरच्या दोघांचे चेहरे बघून ती हलली नाही.

मग लांबून, तरी स्पष्ट, कुडतरकरांचा आवाज आला. फोनवरच्यासारखा नव्हता तो. त्या आवाजात जीव होता.

"अगं, शाळेतली लावू की घरातली?"

मेघनाने तोंडावर हात ठेवला. तिला त्या क्षणी वाटलं की आता मिनिटभर जी शांतता ऐकू येईल ती आपल्याला सोसणार नाही, आणि रेकॉर्डिंग बंद करा म्हणायला तिने मान वर केली.

पण उत्तर आलं. नळ चालू होता, त्याच्या आवाजातून बाईचा आवाज आला, कामात असलेला, सवयीचा.

"शाळेतलीच लावा."

सपाता परत वाजल्या. "शाळेतली म्हणतेय," कुडतरकरांनी फोनवर सांगितलं. "एक जून एकोणीसशे एकोणसाठ."

थँक यू सर, मॅडमना पण थँक यू सांगा, म्हणत मुलीने फोन ठेवला.

विनिताने आवाज बंद केला. खाली रस्त्यावर कुठलीशी गाडी मागे घेताना पीप पीप करत होती, ती थांबली. मग विनिताने अगदी हळू विचारलं की मॅडम कधी गेल्या. कुडतरकरांनी तारीख सांगितली. विनिताने ती कागदावर टिपली, शेजारची कॉलची तारीख पाहिली आणि ती सरळ बसली. होकार दिलेला असला तरी नॉमिनी त्या दिवशी हयात नव्हती, म्हणजे पॉलिसी धरताच येणार नाही, दाखल्याची एक प्रत द्या, मार्चपासूनचे सगळे पैसे मी परत करून घेते, असं तिने सांगितलं. हे सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून दिला, आणि इथेच भरायला हवा असं नाही, घरी भरून फोटो पाठवलात तरी चालेल, म्हणाली.

कुडतरकरांनी फाइल उघडली. मेघनाने दाखल्याच्या दहा झेरॉक्स काढून दिल्या होत्या, त्या दहाच्या दहा तिथेच होत्या. त्यांनी वरची एक काढून न वाचता टेबलावर ठेवली.

"तुमचं बरोबर होतं," ते विनिताला म्हणाले. "मी हो म्हटलेलं आहे."

बाहेर आल्यावर त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि रिक्षांच्या रांगेकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे, म्हणाले, कळव्याची रिक्षा इथूनच मिळेल. मेघना पाऊल उचलेना. भर रस्त्यात, लोकांच्या वाटेत, ती तशीच उभी राहिली.

"बाबा, आत मी होते."

कुडतरकर रिक्षांकडे निघाले होते, ते वळले.

"तेराव्याला काढलेली मोठी भांडी घासून ठेवत होते. मला वाटलं तुम्ही फंडाचा फॉर्म भरताय. मी आईसारखं उत्तर देऊन टाकलं, आणि मग विसरले पण. एवढे दिवस तुम्हाला विसराळू म्हणतेय, मलाच आठवत नव्हतं." तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. "तुम्ही अगं म्हणालेलात. मला कधी अगं म्हणता का तुम्ही?"

ते खरं होतं. बायकोला त्यांनी चारचौघांत काय, एकट्यातही कधी नावाने हाक मारली नव्हती. आणि मुलीला नावाशिवाय कधी हाक मारली नव्हती. कुडतरकरांनी डेपोच्या फाटकाकडे पाहिलं.

"विचारलं, आणि आतून उत्तर आलं," ते म्हणाले. "मग मी पुढे काय विचार करणार? नेहमीसारखंच झालं की सगळं."

मेघनाने त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली. कळव्याला नाही, आधी कोपरला जाऊ, ती म्हणाली. कळव्याचं काय, असं त्यांनी विचारलं, कारण शब्द म्हणजे शब्द. ते बघू नंतर, असं ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

घरी पोचेपर्यंत पाच वाजले. मेघना थेट स्वयंपाकघरात गेली. चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे ते तिला शोधावं लागलं, दोनतीन झाकणं उघडल्याचे आवाज आले, मग नळ सुरू झाला. कुडतरकर हॉलमध्ये नेहमीच्या खुर्चीत बसले. त्यांनी टिपॉयवर फॉर्म ठेवला, त्याखाली फाइल ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं.

कार्डधारकाचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, नॉमिनीचं नाव. कंट्रोलरच्या वळणदार अक्षरात त्यांनी भराभर लिहिलं. नॉमिनीची जन्मतारीख.

त्यांनी मान वर केली. तोंड उघडलंसुद्धा. आत नळ वाहत होता, कप एकमेकांना लागत होते, आणि दारातून जेवढं दिसत होतं त्यात एक पाठमोरी बाई होती. आत्ता विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तेवढ्यानेच छातीत कुठेतरी इतक्या जोरात दुखलं की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. सहा महिन्यांत प्रथमच त्यांना काही दुखलं होतं.

"मेघना," त्यांनी हाक मारली. "तुझ्या आईची शाळेतलीच लावतोय."

आतला नळ बंद झाला. मेघना ओल्या हातांनी दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"हो बाबा," ती म्हणाली. "शाळेतलीच."

त्यांनी एक जून लिहिलं. त्याच्या खालचा रकाना मृत्यूच्या तारखेचा होता. ती मात्र एकच होती, आणि कुणाला विचारावी लागली नाही.